सी भाषेतील घोषणा पाठ कशाला करायच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत एखादे नाव कोणत्या प्रकारच्या माहितीसाठी आहे हे सांगणाऱ्या ओळीला घोषणा म्हणतात. इंट म्हणजे पूर्णांक, ॲरे म्हणजे एकाच प्रकारच्या घटकांची रांग आणि पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारे चल. फोंड्यात माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या पदविका व अभियांत्रिकीच्या मुलांना ‘इंट *पी[१०]’ म्हणजे पॉइंटरांचा ॲरे आणि ‘इंट (*पी)[१०]’ म्हणजे ॲरेचा पॉइंटर, ही उत्तरे तोंडपाठ असतात. पण कंसाने एवढा फरक का पडतो, असे विचारले की ती एकमेकांकडे पाहू लागतात. (देवनागरीतली ही ओळ वाचकांसाठी आहे, प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर ती अर्थातच स्वीकारणार नाही.)

डेनिस रिची यांनी बेल लॅब या अमेरिकी संशोधन संस्थेत सी भाषा घडवताना नाव पुढे ज्या रीतीने वापरायचे त्याच रीतीने ते घोषित करायचे, असे तत्त्व ठेवले. म्हणून वाचन नावापासून सुरू करावे. उजवीकडच्या चौकटी कंसाचा अग्रक्रम डावीकडच्या ताऱ्याहून वरचा असल्याने पहिल्या घोषणेत पी हा आधी दहा घटकांचा ॲरे ठरतो आणि मग त्यातला प्रत्येक घटक इंटचा पॉइंटर. दुसरीत गोल कंसामुळे ताऱ्याचा नंबर आधी लागतो, म्हणून पी हा दहा इंटच्या अख्ख्या ॲरेकडे बोट दाखवणारा एकच पॉइंटर होतो. ज्याला हे पटत नसेल त्याने नेहमीच्या ६४ बिटी संगणकावर दोन्हींचा साइझऑफ, म्हणजे मेमरीत लागणारी जागा, छापून पाहावा: पहिल्याचे ८० बाइट येतात, दुसऱ्याचे अवघे ८.

‘ॲरे म्हणजेच पॉइंटर’ हे नोट्समधले लाडके वाक्य तर खोडूनच टाकावे. दहा इंटचा ॲरे जिथे घोषित केला तिथे ४० बाइट दाखवतो. तोच दुसऱ्या फंक्शनला दिला की आत ८ उरतात, कारण तिथवर पहिल्या घटकाचा पत्ता तेवढा पोहोचतो. स्ट्रक्चर, म्हणजे निरनिराळ्या माहितीचा एकत्र बांधलेला गठ्ठा, हाही असाच समजून घ्यावा. नोड नावाच्या स्ट्रक्चरच्या आत नोडच ठेवता येत नाही, नोडचा पॉइंटर मात्र चालतो, कारण पॉइंटरचा आकार कंपायलरला ठाऊक असतो आणि नोडचा आकार महिरपी कंस बंद होईपर्यंत ठरलेलाच नसतो. एवढे समजलेल्या मुलाला लिंक्ड लिस्टचा, म्हणजे पॉइंटरांनी जोडलेल्या नोडांच्या साखळीचा, बाऊ वाटत नाही.

या घोषणांवर बरीच टीका होते, हे रिची यांनी १९९३ साली स्वतःच नोंदवले होते. तेव्हा मुले अडखळतात यात नवल नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एवढीच विनंती, की ‘फरक स्पष्ट करा’ हा ठरावीक प्रश्न सोडून एखादी न पाहिलेली घोषणा द्यावी, ती पायरीपायरीने वाचायला सांगावी आणि तिचा साइझऑफ किती येईल हे कारणासह विचारावे.

आपला,
एक संगणक शिक्षक, फोंडा