दुसरं मशीन घेण्याआधी

डिचोली

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

काल तू ऑर्डरचं सांगितलंस आणि आई हातातली कढई तशीच ठेवून फोनपाशी आली. मलाही फार आनंद झाला. पण रात्री डोळा लागेना, म्हणून लिहायला बसलो. कुंडईच्या तुझ्या खोक्यांच्या युनिटमधले शंभरातले सत्तर खोके आता एकाच औषध कंपनीला जाणार, पैसे नव्वद दिवसांनी, आणि त्यासाठी दुसरं मशीन कर्जावर. "एवढी मोठी कंपनी पैसे बुडवेल का, बाबा?" असं तू विचारलंस. नाही बुडवणार. माझी भीती वेगळी आहे.

10 सप्टेंबर 2012 ला गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या. गणेश चवथीला नऊ दिवस होते. माझ्या वर्कशॉपमध्ये दोन टिपरांचे कमान पाटे उघडून ठेवलेले. जवळजवळ सगळं काम एकाच खाण कंपनीचं होतं. माणसं चांगली, बिलं वेळच्या वेळी. त्यांनी मला फसवलं नाही, पण खनिजच हलेना तर ते तरी कुठून देणार? 11 लाख 40 हजार अडकले. स्पेअर पार्टवाला मात्र माझ्याच दारात. त्या वर्षी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना मोबाईल वाजला की तुझी आई माझ्या तोंडाकडे बघायची.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, 2018 मध्ये खाणींच्या 88 लीजांचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं, आणि मार्चात पुन्हा सगळं ठप्प. त्या खेपेला आपण तरलो. तोवर मी बसवाले, बेकरीचे टेंपो, शाळांच्या गाड्या जोडल्या होत्या. कटकट फार, पण एक थांबला म्हणून शटर खाली येत नव्हतं.

तुझा हिशेब मांडून बघ. बिल फाडलं की जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा, पैसे येवोत न येवोत. कागद आणि पगार तर थांबतच नाहीत. त्यात नव्वद दिवसांपलीकडची येणी बँक सहसा कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जाला, धरत नाही. म्हणजे वसुली अडेल नेमकी तेव्हाच बँकेचाही हात आखडेल. शेअर बाजारातल्या कंपन्यांनासुद्धा एकाच गिऱ्हाइकाकडून 10 टक्के किंवा जास्त उत्पन्न येत असेल तर ते हिशेबात सांगावं लागतं. तुझे तर सत्तर आहेत, बाय.

नव्वद दिवस मान्य करू नकोस. तुझं लघुउद्योग नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र आहे. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांच्या वर जात नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मुदत चुकवली तर पैसे देईपर्यंत त्यांना ती रक्कम आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे त्यांचा अकाउंट्सवाला हे जाणून असेल. पण आताच बोल. मशीनचा हप्ता सुरू झाल्यावर तुझा आवाज आपोआप खाली येईल.

रविवारी येताना थकलेल्या बिलांची यादी आण, किती दिवस झाले तशी लावून. मी माझी 2012 ची वही काढून ठेवतो. आणि फोंड्याच्या त्या काजूवाल्याला अजून नाही म्हणू नकोस. महिन्याला दोनशेच खोके नेतो खरा, पण रोख देतो.

तुझे,
बाबा