तख्तसिंहजी वेधशाळेच्या पुस्तिकेसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

सीओईपी, म्हणजे आपलं पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, म्हटलं की बोट क्लब, रेगाटा, विश्वेश्वरय्या. त्यांचा अभिमान आहेच. पण याच आवारात, कॉलेज ऑफ सायन्सच्या काळात, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती आणि तिथली ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण कित्येक दशकं देशातली सर्वांत मोठी होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ही वेधशाळा उभी राहिली तीच मुळी देणगीतून. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या खटपटीला भावनगरच्या महाराजांनी ५,००० रुपये दिले, तेवढेच मुंबई सरकारने घातले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला सर उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेच्या कॅम्पबेल यांचाही तळ तिथेच पडला होता! पुढे कॉलेज निव्वळ इंजिनिअरिंगचं झालं, १९१२ साली सर निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली, नंतर लेहलाही जाऊन आली. पुण्याला मात्र तिचा विसर पडला.

आपल्या समितीने तो खपवून घेतला नाही. पुराभिलेखातले कागद उतरवून घेणारे आपले निवृत्त ग्रंथपाल (एक पैसा न घेता, भर उन्हाळ्यात), गेल्या प्रदर्शनाचे फलक फुकट छापून देणारे बुधवार पेठेतले मुद्रक, आणि नातवाच्या मुंजीचा आहेर जसाच्या तसा समितीकडे पाठवणाऱ्या सदाशिव पेठेतल्या आजी, यांचं ऋण कसं फेडावं? आजी तर दर बैठकीला चहाचा थर्मासही धाडतात.

एवढं असूनही मागच्या पत्रकाला आलेली उत्तरं बोटांवर मोजण्याइतकी. स्नेहसंमेलनाच्या जेवणाला मात्र पानं कमी पडली होती. असो. राग नाही, पण वाईट वाटलं.

आता घाई आहे. पुस्तिकेचा मजकूर तयार आहे, आवारात माहितीफलक लावण्यासाठी अर्जही केला आहे. २२ जानेवारीला प्रकाशन करायचं ठरलंय. त्यासाठी दीड लाख हवेत, त्यातले एकसष्ट हजार जमलेत. एका माजी विद्यार्थ्याने यापुढे जमेल त्याच्याइतकीच भर घालायचं कबूल केलंय, म्हणजे तुमचे हजार ते आमचे दोन हजार.

देणगी १५ डिसेंबरपर्यंत. चेक समितीच्या नावे, खाते क्रमांक मागील पत्रकात, रोख फक्त खजिनदारांकडे, पावती लगेच. जुने फोटो, पत्रं, कॉलेजची वार्षिकं असतील तर रविवारी सकाळी १० ते १२ कार्यालयात आणा, स्कॅन करून लगेच परत देऊ. प्रुफं तपासायला दोघे हवेत, शुद्धलेखन पक्कं असलेले.

आपला,
कार्यवाह