गटे संडासात सापडला होता

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पूर्व जर्मन नाटकांवरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, तेव्हा जास्त चीड आली. सेन्सॉरला चकवायला तिथले नाटककार 'अभिजात साहित्याच्या आडोशाला' जात, असं लेखकमहाशय म्हणतात. हाइनर म्युलरच्या, ग्रीक कथेवर बेतलेल्या 'फिलोक्टेट'बद्दल म्हणा हवं तर. पण प्लेन्त्सडोर्फचं 'तरुण डब्ल्यू.ची नवी दुःखं' (1972) त्याच माळेत कसं? ते बेतलंय गटेच्या 'तरुण वेर्थरची दुःखं' या कादंबरीवर, आणि जर्मन महाकवी गटे तर त्या सरकारच्या देव्हाऱ्यातला देव! या नाटकात आडोसा एकच आहे, बागेतल्या संडासाचा. घर सोडून बर्लिनला पळालेल्या 17 वर्षांच्या एडगरला तिथे अंधारात चाचपडताना एक पुस्तक सापडतं. शीर्षकाचं पान आणि शेवटची पानं तो नको त्या कामासाठी वापरतो. म्हणून 'वेर्थर' कुणी लिहिलंय हे त्याला कळतच नाही, आणि म्हणूनच तो ते वाचतो. मग त्यातली वाक्यं टेपवर बोलून दोस्ताला पाठवतो, साहेबांच्या तोंडावर फेकतो. लेखात हे सगळं 'जुन्या पुस्तकाने प्रेरित होऊन' एवढ्यात उरकलंय. धन्य!

मला हे झोंबायला कारण आहे. कॉलेजात असताना आम्ही या प्रवेशाचं मराठी रूपांतर एका एकांकिका स्पर्धेत केलं होतं. प्राथमिक फेरीनंतर एक परीक्षक प्रेमाने म्हणाले, "संडास काढा रे, वाङ्मयाचा अपमान होतो. पुस्तक माळ्यावरच्या ट्रंकेत सापडू दे." आम्ही गाढव, ऐकलं. ट्रंकेतल्या पुस्तकाची पानं कोण फाडणार? मुखपृष्ठ शाबूत, गट्यांचं नाव ठळक, आणि आमचा नायक ते कपाळाला लावून वाचतोय. अंतिम फेरीत एकही हशा नाही. बक्षीस अर्थातच दुसऱ्यांना.

गंमत म्हणजे तिकडेही काउल नावाच्या बड्या वकिलाला वेर्थरशेजारी असलं वाया गेलेलं पोर बघून किळस आली होती. त्यांनीही संपादकांना पत्रच लिहिलं होतं! तेव्हा माझं छापायला हरकत नसावी.

जाता जाता : लेखात एकदा 'गटे', एकदा 'गोएथे' आणि फोटोखाली 'ग्योथे'. माझ्या नातीने विचारलं, हे तिघे भाऊ का? आणि फोटो तर नाटककार ब्रेश्तचा आहे. ते तर हे नाटक येण्याआधी, 1956 सालीच वारले.

– एक जुना वर्गणीदार, पुणे