जिन्यातील अडथळे, दिवे व रेलिंगबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : दुसऱ्या मजल्यावरील जिन्यातील अडथळे (आधीच्या पत्रांना उत्तर न मिळाल्याने पुन्हा)

महोदय,

जिन्यातल्या कुंड्या आणि चपलांचं कपाट हटवण्याबद्दल मी गेल्या पावसाळ्यापासून समितीला लिहीत आहे. पहिल्या पत्रावर ‘बघतो’ असं तोंडी सांगितलं गेलं, दुसऱ्यावर तेही नाही. वार्षिक सभेत विषय काढला तर ‘ऐनवेळच्या विषयांत घेऊ’ म्हणून मला बसवलं, आणि ऐनवेळचे विषय पार्किंगमध्येच संपले. म्हणून आता सविस्तर लिहिते. एखादा शब्द कडक वाटला तर त्यामागची काळजी लक्षात घ्यावी.

आमच्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावरून त्यांना जिन्यानेच ये-जा करावी लागते आणि रेलिंग एकाच बाजूला आहे. दुसऱ्या मजल्यावर त्या रेलिंगलाच लागून फ्लॅट क्र. ७ च्या सभासदांच्या कुंड्या आहेत आणि समोर भिंतीला त्यांचं कपाट. म्हणजे जिना वळतो नेमकं तिथेच म्हातारीने आधार सोडून मधून चालायचं, तेही कुंड्यांतून गळलेल्या पाण्यावरून. तिथेच त्या घसरल्या. हात टेकला गेला म्हणून मनगटावर निभावलं. खुब्याचं हाड मोडलं असतं तर ऑपरेशन, अंथरूण आणि पुढचं सगळं आलं असतं. या वयात त्या दुखण्यातून किती जण पूर्वीसारखे उठून चालतात, हे डॉक्टरांना विचारून पाहावं.

यावर समितीचे एक सदस्य मला म्हणाले, ‘वय झालंय, पडायचंच. जपून उतरायला सांगा.’ हे वाक्य मला फार लागलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे ६५ वर्षांपुढच्या साधारण २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी पडतात. म्हणजे ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे. ठिसूळ हाडं, मोतीबिंदू, उठल्यावर एकदम उतरणारं बीपी, झोपेची गोळी ही कारणं असतातच, आणि ती आम्ही घरी सांभाळतो. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, सरकणारी पायपुसणी काढून टाकली, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा ठेवतो, डोळे तपासून घेतले. आमच्या दाराच्या आतलं सगळं झालं. दाराबाहेरचं समितीचं आहे.

प्लॅस्टर निघून कितीतरी दिवस झाले, तरी सासूबाई खाली उतरत नाहीत. देवळात जाणं बंद, कट्ट्यावरच्या बायका बंद. डॉक्टर म्हणाले, चालणं थांबलं की मांड्यांची ताकद आणि तोल दोन्ही जातात आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे त्या दोन कुंड्यांनी त्यांना घरात बसवलं आणि घरात बसल्याने त्या आणखी कमजोर होत आहेत. आम्ही ते रोज बघतो.

दिव्यांचंही तेच. वीज वाचावी म्हणून जिन्यात सेन्सर बसवले, त्याला माझी ना नाही. पण म्हातारं माणूस अर्ध्या जिन्यात दम घ्यायला थांबलं की हालचाल थांबते आणि दिवा विझतो. तेवढंच दिसायला म्हाताऱ्या डोळ्यांना तरुणांपेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. त्यात दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायरीची कड अंधुक होते, आणि आपल्या सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या. खाली लॉबीतली जुनी कोटा फरशी काढून चकचकीत टाइल्स बसवल्या, त्या पावसात छत्र्यांच्या पाण्याने निसरड्या होतात. तिथे निधी निघाला. वरची टाकी वाहते त्याचंही मी मागे कळवलं होतं, तो ओघळही जिन्यातच येतो.

आता नियम. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, जिने आणि जिन्यातले दिवे यांची देखभाल संस्थेकडे आहे. जिना, पायऱ्या, लँडिंग, कॉरिडॉर ज्या कामासाठी आहेत त्याच कामासाठी वापरायचे, आणि अतिक्रमण करणाऱ्या सभासदाकडून त्या काळासाठी दरमहा सेवाशुल्काच्या पाचपट रक्कम घ्यायची, असंही त्यात आहे. क्र. ७ च्या सभासदांना अशी एकही नोटीस गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यांच्याशी माझं वैर नाही, त्यांची तुळस-जास्वंद त्यांनी गॅलरीत सुखाने ठेवावी. आमच्या दाराबाहेरच्या घडीच्या खुर्चीकडे त्यांनी बोट दाखवलं, पण ती सासूबाईंना टेकायला आहे आणि क्षणात बाजूला होते. दोन्हीची तुलना होऊ शकत नाही.

पहिल्या मजल्यावरचे काका, समोरच्या विंगमधल्या वहिनी, आणखी बऱ्याच जणांचं हेच म्हणणं आहे. शेजारधर्मापोटी ते लेखी देत नाहीत, एवढंच.

कुंड्या आणि कपाट आठ दिवसांत हलवावं. सेन्सरची वेळ वाढवावी, पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या खरखरीत पट्ट्या लावाव्यात आणि भिंतीच्या बाजूनेही रेलिंग बसवावं. जिना सकाळी फिरायला जाण्याच्या वेळी धुतला जातो, ती वेळ दुपारची करावी. झाडणाऱ्या ताईंना बोलू नये, वेळ त्यांनी ठरवलेली नाही. हा विषय पुढच्या मासिक सभेत पहिला घ्यावा आणि इतिवृत्तात लिहावा. तसं न झाल्यास मला उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जावं लागेल, आणि मी जाईन.

सोबतच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच द्यावी. आधीच्या पत्रांची पोच अजून मिळालेली नाही.

आपली विश्वासू,
सभासद, फ्लॅट क्र. १०

प्रत : सचिव, खजिनदार