आपली तंबूगाडी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही बातमी अर्धवट ऐकलेली मला चालणार नाही, म्हणून लिहायला बसले.

परवा आम्ही तंबूगाडी घेतली, आपली होती तशीच, मोटारीमागे ओढत न्यायची आणि मुक्कामी उघडून तंबू करायची. जुनीच. विकणाऱ्या आजोबांनी हँडल फिरवून छप्पर वर केलं आणि आतून तोच वास आला, बंद कापडाचा आणि गॅसच्या शेगडीचा. मी तिथेच पायरीवर बसले.

बाबा, १९८९ च्या जूनमध्ये सहाशे डॉलरला घेतलेली ती गाडी तुम्ही दारात उभी केलीत, तेव्हा आई सोफ्यासाठी पैसे साठवत होती. ती काही बोलली नाही. आत शिरून तिने गाद्यांची कव्हरं काढली आणि धुवायला टाकली. दर महिन्याला घरी आजीला पैसे जायचे, मोटेल आपल्याला परवडायचं नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मला वाटायचं, सगळ्यांना सुट्टीत असंच घर ओढत न्यायला मिळतं.

हँडल फिरवायचा मान दादाचा, फेरे मोजायचं काम माझं. छप्पर वर गेलं की दोन्ही बाजूंचे पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे, खाली टेकू द्यायचे, कापड ताणून बसवायचं. तोवर आईची शेगडी पेटलेली आणि भाजणीचा डबा उघडलेला असायचा. पाइनच्या झाडांखाली खाल्लेल्या त्या थालीपिठांची चव मला घरात कधी जमली नाही.

मिशिगनमधला मॅकिनॉ पूल आठवतो? पाच मैलांचा. तुम्ही बाहेरची लेन धरून सावकाश चालवायचात. आतल्या लेनला लोखंडी जाळी, त्यावरून गाड्या घूं घूं करत पुढे जायच्या. आई पूल संपेपर्यंत रामरक्षा म्हणायची. पलीकडे टाक्वामेनॉनचा धबधबा. सीडरच्या दलदलीतून येणारं त्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. तिथल्या पावसात तुम्ही बजावलं होतंत, भिजलेल्या कापडाला आतून बोट लावायचं नाही, लावलं की तिथूनच पाणी झिरपतं. दादाने लावलं. धार नेमकी आईच्या उशीवर. तिने पातेलं ठेवलं, उशी फिरवली आणि मला कुशीत घेऊन झोपली. छपरावरच्या पावसाचा तो आवाज अजून कानात आहे.

आणि स्लीपिंग बेअर! वाळूच्या डोंगरावर बसून आई, तू आम्हाला तिथल्या मूळ रहिवाशांची, ओजिब्वे लोकांची गोष्ट सांगितलीस. आगीतून जीव वाचवायला अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन लेक मिशिगन पोहून आली. ती काठाला लागली, पिल्लं मागेच बुडाली. त्यांची दोन मॅनिटू बेटं झाली आणि वाट बघता बघता आईवर वाळू साचली. मी रडले, तर तू म्हणालीस, "मी तुला पाण्यात पुढे ठेवीन, मागे नाही." आता मला मुली आहेत. पाण्यात उतरताना मी त्यांना पुढे ठेवते.

ओली गाडी मिटून घरी आणली की सोमवारी ऑफिसातून आल्यावर बाबा, तुम्ही ती पुन्हा उघडायचात, कापड वाळेपर्यंत. दमलेले असायचात, पण कधी टाळलं नाहीत. म्हणूनच ती आठ वर्षं टिकली.

जुलैत तुम्ही याल तेव्हा स्लीपिंग बेअरला चार रात्री राहायचं ठरवलं आहे. आईच्या गुडघ्यांसाठी खालच्या टेबलाचा पलंग करू, वर चढायला नको. बाबा, मागे घेताना गाडी उलटीच वळते, मला जमत नाही. स्टिअरिंगला खालून हात धरायचा ना? शेजारी बसून दाखवा.

आई, तुझं ते दाभण आहे का अजून? मेण लावलेला दोराही. उजव्या पलंगाजवळ कापड वीतभर उसवलंय. हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, मोठ्या बॅगेत टाक.

तुमची,
छोटी