शेजारच्या आबांना, संत्र्याच्या सॉसबद्दल

आबा,

तुम्ही फोनवर काही वाचत नाही, पण नातू वाचून दाखवेल म्हणून इथं लिहिते. समोर येऊन बोलले तर तुम्ही "असू दे की" म्हणून उसाचा विषय काढाल.

आजारपणानंतर अण्णांची जेवणावरची वासना उडाली ती उडालीच. पांढऱ्या रश्श्याची वाटी भरलेली परत यायची. कोल्हापूरकडच्या बावड्याच्या माणसानं रस्सा परत पाठवला म्हणजे काय ते तुम्हीच समजा. मग एक दिवस आपणहून म्हणाले, "बोटीवर नाताळला बदक असायचं. संत्र्याचा सॉस घालून." नोकरीच्या पंचवीस वर्षांतलं नेमकं तेवढंच आठवलं त्यांना. मी ते धरून बसले.

बदक मिळालं, भाजायलाही जमलं. कातडीला टोचे मारून मंद आचेवर ठेवलं की चरबी आपली आपण सुटते. अडलं सॉसपाशी. साखरेचा कॅरमल, त्यात सिरका, मग संत्र्याचा रस, साल आणि बदकाच्या हाडांचं आटवलेलं पाणी. लिहायला एक ओळ! दोनदा केला, दोनदा कडूजहर.

ज्या क्लासला दीड हजार भरले होते, तिथल्या बाई म्हणाल्या, "फ्रेंच सॉस आहे, थोडा कडू असायचाच." मूळ सॉस बिगाराद नावाच्या कडू संत्र्याचा, हे खरं. पण माझ्याकडं नागपुरी संत्री होती, ती बिचारी गोड. मग कडू आलं कुठून? डब्यात घालून चाखायला आणते म्हटलं, तर पुढच्या कोर्सची जाहिरात आली. एका हॉटेलातल्या शेफनं "तयार पाकीट मिळतं की" म्हणून फोन ठेवला.

तिसऱ्या खेपेला तुम्ही गवती चहा न्यायला आला होता. उंबऱ्यातूनच विचारलंत, "साखर जळाली काय गं?" उभा जन्म काहिलीपुढं काढलेल्या गुळव्याचं नाक ते! आत आलात, गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणालात, "मटणबिटण पडलंय काय ह्यात?" हाडांचं पाणी अजून घातलं नव्हतं. मग चमचा मागितलात. चाखलात. जरा थांबून परत चाखलात. तोंड वाकडं नाही, हसणं नाही.

"पोरी, ही दोन कडू हाईत. एक जळकं, एक सालीचं."

आबा, मला तिथंच रडू आलं. तुम्हाला वाटलं धूर गेला डोळ्यांत. सल्ले सगळ्यांनी दिले होते, माझा बिघडलेला सॉस मात्र कुणी जिभेवर ठेवला नव्हता. तुम्ही तर बदक या जन्मात खाणार नाही, तरी दोनदा चाखलात.

पुढचं भराभर झालं. सालीचा आतला पांढरा भाग तुम्ही विळीवर खरवडून काढायला लावलात, राहिलेली केशरी साल दोन पाण्यांत उकळून घेतली. कॅरमलच्या वेळी माझा हात धरून ठेवलात. "रंग बघत बसू नगंस, वास घे. डोळ्याला दिसंस्तवर उशीर हुतो." गॅस बंद केल्यावरही तापलेल्या भांड्यात साखर शिजतच राहते, हे मला तेव्हा कळलं. नंतर वाचलं की गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरवतात आणि साखरेचा कॅरमल १६० च्या पुढं होतो. म्हणजे तुमच्या काहिलीत तो रंग कधी येऊच द्यायचा नसतो, आला तर आधण वाया. जे आयुष्यभर टाळलंत, तेच नेमकं ओळखून दिलंत.

हाडांचं पाणी घालायची वेळ आली तेव्हा तुम्ही सोप्यात जाऊन बसलात आणि तिथूनच वासावर सांगत राहिलात, "आता लिंबू पिळ. आता उतरव." मी हसत होते, हात कापत होते. पैशाचं विचारायची माझी टाप नव्हती. चाळीस वर्षांची विद्या गवती चहाच्या चार पात्यांवर देऊन गेलात, आणि ती पातीही जाताना सोप्यात विसरलात.

अण्णांनी तीन तुकडे खाल्ले. ताटातला सॉस भाकरीनं पुसून घेतला आणि म्हणाले, "बोटीवर एवढा आंबट नसायचा." म्हणजे चव कळायला लागली त्यांना, आबा!

उरलेल्या सालींचा गुळातला मुरंबा केलाय. वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या चमच्यानं. उद्या गवती चहासोबत बरणी पाठवते.

तुमची,
शेजारची पोर