सुवार्ता सांगणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे काय?

सोलापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोहोचले. तरुणांच्या सभेत त्या वक्त्याने बायबलातील यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातील पहारेकऱ्याचा दाखला देऊन, तुमचे शेजारी प्रभूला न ओळखता मेले तर त्यांच्या रक्ताचा जाब तुमच्याकडून घेतला जाईल, असे सांगितल्यापासून तुला झोप नाही, हे वाचून मला वक्त्याचाच थोडा राग आला. यहेज्केलाला देवाने इस्राएलासाठी नेमून पहारेकरी केले होते. ती नेमणूक सभेला आलेल्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात घालण्याचा अधिकार कोणाला आहे, असा प्रश्न मला पडतो.

तरीही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातील, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा आणि त्यांना बाप्तिस्मा द्या, ही येशूची आज्ञा केवळ अकरा शिष्यांपुरती होती, असे म्हणून मी तुला मोकळे करणार नाही. ही पळवाट जुनी आहे. इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांनी १७९२ साली आपल्या पुस्तिकेत तिला उत्तर दिले होते: आज्ञा प्रेषितांपुरतीच असेल, तर त्याच वाक्यातला बाप्तिस्माही त्यांच्याबरोबरच संपायला हवा होता. शिवाय तेथेच येशूने दिलेले युगाच्या समाप्तीपर्यंत सोबत राहण्याचे वचन अकरा माणसांच्या आयुष्यात मावत नाही. म्हणजे आज्ञा आजही लागू आहे. परंतु ती सबंध मंडळीला, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, आहे, आणि मंडळीत सर्वांना एकच काम नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, ख्रिस्ताने 'काहींना' सुवार्तिक, म्हणजे येशूविषयीची सुवार्ता सांगणारे, म्हणून दिले, असे प्रेषित पौल स्पष्ट लिहितो. सुवार्ता न सांगितली तर माझी केवढी दुर्दशा, हे उद्गारही त्याने स्वतःवर सोपवलेल्या कामाविषयी काढले आहेत.

मला सर्वांत उपयोगी वाटतो तो कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय. तेथे पौल स्वतःसाठी वचनाचे दार उघडावे म्हणून प्रार्थना मागतो, आणि वाचकांना मात्र बाहेरच्यांशी सुज्ञतेने वागा, बोलणे मिठाने रुचकर असू द्या, प्रत्येकाला कसे उत्तर द्यावे हे जाणून घ्या, असे सांगतो. पेत्रही आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर देण्यास तयार राहा, असेच म्हणतो. येथे कोणीतरी विचारतो आहे, हे गृहीत आहे. (आणि कोणी कधीच विचारत नसेल, तर आपल्या वागण्यात विचारण्यासारखे काही आहे का, हे आपणच पाहायला हवे, ही बाजू सोपी नाही.) उलट प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात छळामुळे पांगलेले सामान्य विश्वासणारे जातील तेथे वचन सांगत गेले, हेही विसरता येत नाही. बोलणे हे फक्त पगारी पाळकांचे काम, असे त्यांना वाटले नव्हते.

आपल्या संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले. आपली जबाबदारी साक्षीची आहे, निकालाची नाही, हे मला श्रद्धेच्या दृष्टीनेही पटते.

म्हणून गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत अनोळखी हातांत पत्रके कोंबून कर्तव्य पार पडले, असे समजू नकोस. तुझ्या शेजारचे यंत्रमागावरचे काका तुला लहानपणापासून ओळखतात; त्यांच्या आजारपणात तू रात्री जागलास, आणि तू रविवारी कोठे जातोस, हे त्यांनी स्वतःहून विचारले, असे तूच लिहिलेस. त्यांना नीट, न घाबरता उत्तर दे. पटले नाही तरी त्यांच्याकडे जाणे सोडू नकोस. सुवार्ता पथकात नाव द्यायचे की नाही, हे मात्र झोप लागू लागल्यावर ठरव, आणि त्याआधी पाळकसाहेबांशी एकदा बोलून घे.

तुझा मित्र